आईने गाळलेली वाइन

आमच्या घरात बाटल्या तीन होत्या. एक रॉकेलची, एक गोड्या तेलाची आणि एक एरंडेलाची. चौथी बाटली घरात येऊ द्यायची नाही हा आईचा नियम होता आणि त्याचं कारण आम्हाला कळायला लागल्यापासून माहीत होतं. आईचा धाकटा भाऊ, आमचा वसंतमामा, हातभट्टीच्या दारूपायी ऐन तारुण्यात गेला. दहाव्याला पान ठेवलं तर कावळा शिवेना. आमच्याकडे समजूत अशी की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पानाला तोंड लावत नाही. मग घरचे लोक त्याच्या आवडीचे पदार्थ एकेक करून ठेवतात, मोठ्याने शब्द देतात, की पोरांचं बघू, बहिणीचं लग्न करू. मामासाठी जिलेबी ठेवून झाली, विडी ठेवून झाली. शेवटी कुणीतरी द्रोणात थोडी दारू ओतली आणि कावळा आला. घरी येऊन पुरुषांनी हे सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मेल्यावर बी तीच पाजली व्हय त्याला?" आणि चुलीपुढे जाऊन बसली.

हे आधी सांगितलं, कारण ते माहीत नसेल तर पुढचं सगळं नुसतीच गंमत वाटेल. मला गोष्टी क्रमाने लावून ठेवायची सवय आहे. वाणसामानाची यादी मी दुकानातल्या फळ्यांच्या क्रमाने लिहिते आणि घरातले लोक त्यावर हसतात. त्यांनी हसावं. त्या वर्षाबद्दल लिहायला बसले की मात्र क्रम राहत नाही. आधी वास येतात. ओल्या चादरीचा वास, चुलीवरच्या अळणी रश्शाचा, आणि त्यात मिसळलेला तो तिसरा, ज्याला तेव्हा माझ्याकडे नाव नव्हतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडवरच्या एका चादरींच्या कारखान्यात विणाई खात्याचे मास्तर होते. आमची गल्ली मागांची. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि त्यानंतर दिवसभर घराघरातून खटखट चालायची. या आवाजात आम्ही झोपायचो, अभ्यास करायचो, भांडायचो. वीज गेली आणि माग थांबले की आप्पा झोपेतून दचकून उठायचे, "काय झालं?" म्हणून. शांततेची आम्हाला भीती वाटायची. घर दोन खोल्यांचं, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची, आणि मोरीपाशी आईचं लाडकं कढीपत्त्याचं झाड.

पावसाळा संपता संपता कारखान्याच्या शेठनी नक्षीची चादर विणणारी यंत्रं फ्रान्सहून आणवली. लाकडी खोके आले आणि खोक्यांमागून ती जोडून द्यायला एक माणूस आला. नाव बर्नार. उंच, लांब नाकाचा, उन्हाने गाजरासारखा लाल झालेला. कामगार त्याला बरनाडसाहेब म्हणायचे. त्याची सोय एका विश्रामगृहात केली होती आणि तिथला खानसामा त्याला दोन्ही वेळा आम्लेट आणि उकडलेला बटाटा देत होता. दिवाळी होईपर्यंत त्याच्या पँटीच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. आप्पांना ते बघवेना. "मानूस आपल्या गावात येऊन वाळला तर तोंड दाखवायला जागा न्हाय," असं म्हणून एका सुट्टीला ते त्याला जेवायलाच घेऊन आले. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. घरात सगळ्यात जास्त इंग्रजी मला येत होतं, म्हणजे फारसं येत नव्हतं. बर्नारचंही तसंच होतं. त्यामुळे आमचं छान जमलं.

तो रिकाम्या हाताने आला नव्हता. काखेत बाटली होती. आईने ती दारातच बघितली.

"ती भाईर."

"अगं, परमिट हाय त्याला," आप्पा म्हणाले. "सरकारी शिक्का हाय."

"सरकारला सांगा जेवायला घालायला."

मी हे सगळं बर्नारला कसंबसं सांगितलं. मामाचं पण सांगितलं. तो ऐकून घेऊन गंभीर झाला, बाटली पायरीवर ठेवली आणि आईला मान लववून म्हणाला, "मादाम, ही मी पिऊन जेवत नाही. जेवताना पितो. तुमच्या जेवणाचा मान म्हणून." मी भाषांतर केलं. आईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "एवढुसाच ग्लास. आन् माझ्या समोर."

त्या दिवशी आईने पाहुण्याच्या मानाने काळ्या तिखटाचं मटण केलं होतं. सोलापूरचं तिखट कसं असतं हे सोलापूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून कळत नाही. बर्नारने चहाच्या काचेच्या पेल्यात दोन बोटं वाइन ओतली, पेला गोल फिरवला, त्यात आपलं लांब नाक घातलं आणि डोळे मिटले. इतका वेळ मिटले की आप्पा मला हळूच म्हणाले, "मंदे, झोपला का काय?" मग त्याने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून खाल्ला आणि वर वाइनचा घोट घेतला. पुढचा भाग दुःखद आहे. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तोंडातून काही शब्द आले जे त्याने मला कधीच भाषांतर करून सांगितले नाहीत.

थोडा सावरल्यावर त्याने काय झालं ते समजावून सांगितलं, आणि मला ते लगेच कळलं, कारण मराठीत त्यासाठी शब्द तयार होता. तांबडी वाइन तुरट असते. जांभूळ, सुपारी, हिरडा असतो तशी. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून येतो. तिखटावर तुरट पडलं की दोघं भांडतात, तिखट आणखी जाळतं आणि वाइन कडू होते. तुरटाला शांत करायला मीठ लागतं, चरबी लागते, मऊ मांस लागतं. आई ऐकत होती. ती उठली आणि चुलीजवळून एक वाटी घेऊन आली. अळणी. तिखट घालायच्या आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेल्या मटणाचा वेगळा काढून ठेवलेला रस्सा. लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी असतो तो. आमच्याकडे आप्पांसाठी असायचा. सोलापुरात जन्म काढून त्यांना तिखट सोसत नसे, ही आमच्या घराची झाकून ठेवलेली गोष्ट होती.

"घे," आई म्हणाली. "ह्ये मास्तरचं हाय. आज उपाशी ऱ्हातील."

बर्नारने अळणीतला चरबीचा तुकडा खाल्ला, रस्सा प्यायला, मग वाइनचा घोट घेतला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले, मोठे केले. मग पेला माझ्यापुढे धरला. मी आईकडे बघितलं. आई चुलीकडे बघत होती. म्हणजे परवानगी होती. मी चमचाभर घेतली. आधी जीभ आखडली, हिरडा चघळल्यासारखी. मग अळणीचा घोट घेतला आणि पुन्हा चमचाभर. काय झालं हे मी आजही नीट सांगू शकत नाही. तेच मटण होतं, तीच वाइन होती, पण दोन्हींमधलं जे बोचरं होतं ते गेलं, आणि जांभळाच्या झाडाखाली उभं राहिल्यासारखा वास आला, आणि मागून, अगदी स्पष्ट, लवंगेचा.

"यात लवंग कुणी घातली?"

"कुणी नाही."

"मग जांभूळ?"

"नाही. फक्त द्राक्षं," बर्नार म्हणाला. "द्राक्षं, आणि वेळ."

द्राक्षं मी खाल्ली होती. गावाबाहेरच्या बागांतून टोपल्या यायच्या. द्राक्षाला द्राक्षाची चव असते. त्यातून जांभूळ आणि लवंग कशी निघते? आमच्या कारखान्यात पांढऱ्या सुतातून मोर विणून निघायचा, पण तिथे रंगीत धागा घातलेला दिसायचा तरी. इथे कुणी काही घातलं नव्हतं. मी त्या पेल्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशी बघत बसले.

पुढचे सगळे सुट्टीचे दिवस ठरून गेले. बर्नारकडे यंत्रांच्या सामानाबरोबर पेंढ्यात गुंडाळून आलेली एक पेटी होती, त्यात निरनिराळ्या मुलखांच्या बाटल्या. त्याने आधीच कबूल केलं की त्यातली एकही फार भारीची नाही. सोलापूरच्या उन्हात त्या खराब होतील म्हणून आप्पांनी कारखान्यातून टाकाऊ चादर आणली. बाटल्या आमच्या माठाखालच्या वाळूत उभ्या केल्या, वर ओली चादर गुंडाळली. ज्या बाईने चौथी बाटली घरात येऊ दिली नव्हती ती रोज सकाळी उठून त्या चादरीवर पाणी शिंपडायची. का, असं मी एकदा विचारलं. "पाहुन्याची ठेव हाय," ती म्हणाली. "मी काय पिती व्हय?"

मटण आणायला मी जायचे. इस्माईलचाचांचं दुकान कोपऱ्यावर होतं. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं असायचं.

"क्या बेटी, आज फिर फिरंगी का दिन?"

"होय चाचा. चरबीचं द्या."

"मास्तर को चरबी, फिरंगी को चरबी, हमारे वास्ते क्या हड्डी?" असं म्हणत ते मांडीकडचा चांगला तुकडा तोडायचे. "बोल उसको, सोलापूर का बकरा है. उसके मुल्क में ऐसा मिलताच नै."

बोर्दोची वाइन आम्ही निखाऱ्यावर भाजलेल्या कलेजीबरोबर चाखली, वर फक्त जाडं मीठ. तिला पेन्सिल टोकदार करताना येतो तसा लाकडाचा वास होता. बर्गंडीची फिक्या रंगाची होती, इतकी की आई म्हणाली, "ह्यात पानी घातलंय." ती भरल्या वांग्याबरोबर छान लागेल असं मला वाटलं, म्हणून आईने तिखट गाळून नुसतं शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि मीठ भरून वांगी केली. लागली. माझा अंदाज पहिल्यांदाच बरोबर आला होता आणि त्या आनंदात मी आठवडाभर मैत्रिणींशी नीट बोलले नाही. शेंगाची चटणी मात्र कुठल्याच वाइनला मानवली नाही. लसूण आणि लाल तिखट, दोन्ही एकदम अंगावर येतात. बर्नारने हार मानली आणि चटणी वेगळी, ताकाबरोबर खायला लागला, वाटीच्या वाटी. "लई गोड," म्हणायचा, घाम पुसत.

पौषात आप्पांच्या मित्राच्या रानात हुरड्याला गेलो. बोजोले नावाच्या मुलखातली एक हलकी वाइन होती, ती बर्नारने बादलीत ठेवून विहिरीत सोडली. आगटीतून निघालेला गरम, धुराचा वास लागलेला कोवळा हुरडा हातावर चोळून खायचा आणि वर विहिरीच्या पाण्याने गार झालेली ती तांबडी. त्यात तुरटपणा जवळजवळ नव्हताच, करवंदासारखी आंबटगोड होती. आईने वाइनला हात लावला नाही, पण हुरडा चोळून त्याच्या हातावर तीच देत होती. परतताना बैलगाडीत बर्नार एकदम बोलायला लागला. त्याच्या वडिलांचा डोंगरउतारावर लहानसा मळा होता. वाइन काळी, जहाल तुरट; त्यांच्या गावाबाहेर कुणी ओळखत नव्हतं. त्याला मळ्यात राहायचं नव्हतं, यंत्रं आवडायची. तो घर सोडून निघाला त्या हंगामातली एक बाटली वडिलांनी हातात दिली होती, आणि बोलले नव्हते. ती पेटीत होती. सगळ्या संपल्या, ती राहिली होती.

"ती कधी उघडायची?" मी विचारलं.

"आमच्याकडे बाटली घरातला मोठा माणूस उघडतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी कधीच उघडलेली नाही."

"मग इथे कशा उघडल्यास?"

तो हसला. "या विकतच्या. घरची वेगळी."

हे मी आईला सांगितलं नाही. त्या वेळी त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि ती गाडीत पेंगत होती.

थोड्याच दिवसांत कारखान्याच्या पत्त्यावर तार आली. बर्नारचे वडील गेले. तार हिंडत हिंडत आली होती. तोवर त्यांना माती देऊन झालं होतं. यंत्रं अर्धी जोडलेली होती. त्याला जाऊन काही करण्यासारखंही उरलं नव्हतं. आप्पा सांगत होते की तो यंत्राखाली शिरून दिवसभर बोल्ट आवळत राहिला, जे आवळलेले होते तेही. संध्याकाळी आप्पा त्याला घरी घेऊन आले. आईने त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि मला म्हणाली, "इचार त्याला, कावळा शिवला का?"

मी विचारलं. बराच वेळ समजावत बसले. तो म्हणाला, त्यांच्याकडे असं काही नसतं.

"म्हंजे कुनी इचारलंच न्हाय म्हाताऱ्याला, काय ऱ्हायलं म्हनून?" आईला ते सहनच होईना. "हितं करू की मग. दहाव्याला. त्याला सांग, बाप काय आवडीनं खायचा ते सांग म्हनावं."

बर्नार म्हणाला, मेंढीचं मटण, मिठात शिजवलेलं, मसाला नाही. जाड भाकरी. आणि आपली वाइन. "ती बाटली त्या दिवशी उघडीन," तो म्हणाला. मी आईला सांगितलं, ती बाटली त्या दिवशी उघडायची आहे. एवढंच सांगितलं, कारण एवढंच तो म्हणाला होता.

तार आल्यापासून दहाव्या दिवशी मी सकाळच्या तासांना कॉलेजात गेले आणि धावत परत आले. घरात अळणीचा वास भरून राहिला होता. मोरीपाशी दगडावर ती बाटली होती, घासून, धुऊन, उलटी ठेवलेली. तिच्यावरचा नावाचा कागद पाण्यात निघाला होता आणि आईने तो वाळायला भिंतीला चिकटवला होता.

"आई, बाटली?"

"उघडली की सकाळीच. बूच निघंना, तर रवीच्या दांड्यानं आत ढकललं." ती भाकरी थापत होती. "खाली ह्येवढा गाळ बसला हुता, मंदे. मेलेल्या मानसाला काय गाळ पाजायचा? तलम फडक्यातनं गाळली. आन् दारूची बाटली पानाशेजारी ठेवत्यात व्हय? बरनीत काढली."

आमची लोणच्याची चिनी मातीची बरणी, धुऊन पुसून, कोनाड्यात ठेवली होती. वर फडकं. पितळेच्या तांब्यात का नाही असं मी विचारायच्या आत तिने सांगितलं, "आंबट हाय. पितळंत कळकंल."

मी काही बोलणार तोवर बर्नार दारात उभा होता. स्वच्छ सदरा, गळ्यात काळा टाय, हातात बाटलीचं बूच काढायचा तो पिळाचा खिळा, जो तो नेहमी खिशात ठेवायचा आणि आज हातात धरून आला होता. त्याने धुतलेली बाटली बघितली. मग भिंतीवरचा कागद. पायरीवर बसला आणि तो खिळा हातात फिरवत राहिला.

"काय झालं?" आई म्हणाली. "आवडलं न्हाय व्हय त्याला?"

तेव्हा मी गाडीतलं सगळं सांगितलं. घरातला मोठा माणूस उघडतो. याने कधी उघडली नव्हती. आज पहिल्यांदा उघडणार होता.

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी खाली पडली. "म्हंजे अग्नी द्यायचा मान हुता त्याचा," ती म्हणाली. "आन् मी घेतला."

मी आईला खजील झालेलं फार वेळा पाहिलेलं नाही. तिने हात धुतले, पदर खोचला, कोनाड्यातून बरणी उचलली आणि पायरीशी जाऊन त्याच्यापुढे दोन्ही हातांनी धरली. "मंदे, सांग त्याला. उघडायचं माझ्या हातनं झालं. पर वाढायचं ज्याचं त्यानंच असतंय. बापाला त्यानं वाढावं. आमाला बी त्यानंच वाढावं. आजपासनं घरातला मोठा त्योच."

मी सांगितलं. नीट इंग्रजीत सांगितलं की नाही, आठवत नाही. बर्नारने बरणीकडे बघितलं, आईकडे बघितलं, खिळा खिशात टाकला आणि बरणी घेतली.

गच्चीवर केळीचं पान मांडलं होतं. अळणी मटण, चरबीचा तुकडा वर, बाजरीची जाड भाकरी, लोणी, मीठ. बर्नारने बरणीतून द्रोणात वाइन ओतली. थोडी पानावर सांडली. आम्ही मागे सरकून उभे राहिलो. समोरच्या पत्र्यावर कावळे होते, येत नव्हते. खाली गल्लीत माग चालले होते. आप्पा हळूच म्हणाले, "त्यांची काय इच्छा ऱ्हायली असंल, ती बोल म्हनावं." मी सांगितलं. तो पानापुढे गुडघ्यावर बसला आणि आपल्या भाषेत बोलायला लागला. बराच वेळ बोलला, कधी रागाने बोलल्यासारखा, कधी विचारल्यासारखा. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. शेवटचं वाक्य लहान होतं. मग तो उठून मागे सरकला, आणि एक कावळा उडून आला, पानाभोवती तिरका तिरका चालला आणि चरबीचा तुकडा उचलून गेला.

मी हिशेबी बाई आहे. मटणाचा वास होता, कावळा आला. ते मला कळतं. पण त्या क्षणी आप्पांनी हात जोडले होते, आणि त्यांचं बघून मीही.

खाली येऊन ताटं मांडली. बर्नारने स्वतःच्या पेल्यात ओतली, सवयीने नाकाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. पुन्हा वास घेतला. मग एकदम आईला विचारलं, ही सकाळी किती वाजता उघडली? "भोंग्याच्या टायमाला," आई अपराध्यासारखी म्हणाली. त्याने घोट घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फक्त एकदाच, माझ्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतलेल्या आप्पांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

त्याने तुटकतुटक सांगितलं. वडिलांची वाइन नेहमी बंद, म्हणजे वास-चव आत दडवलेली असायची. कडक, तोंड वाळवणारी. वडील म्हणायचे, थांब, हिला हवा दे, वेळ दे. याला कधी धीर नव्हता. वडिलांनी बाटली उघडली की लगेच प्यायची आणि तोंड वाकडं करायचं. घर सोडताना त्यावरूनसुद्धा भांडला होता. आज सकाळपासून ती बरणीत, फडक्याखाली, उघड्या हवेत होती. "मी उघडली असती तर आत्ता उघडली असती," तो म्हणाला. "आणि आपण ती बंदच प्यायलो असतो."

मग त्याने उठून सगळ्यांना वाढली. आईला पेल्यात द्यायचं कसं ते त्याला कळेना. आईने उजवा तळहात पुढे केला, तीर्थ घेतात तसा. त्याने पळीने ओतली. मग आप्पांना, मग मला. मी ती हातावरूनच प्यायले, अळणीचा घास तोंडात होता. काळं, खोल, जांभूळ पिकून वाळल्यासारखं, ओल्या मातीचं, आप्पांच्या जुन्या पाकिटाच्या चामड्याचं, आणि तुरटपणा तर होताच, पण आता तो धरून ठेवत होता, बोचत नव्हता. घास गिळल्यावरसुद्धा कितीतरी वेळ संपेना. एक माणूस मेला आहे, दुसऱ्या खंडात, आणि त्याच्या हातचं माझ्या तोंडात आहे, एवढं मला कळत होतं. त्यापुढे विचार करता येत नव्हता.

"आता कडू न्हाय," आई म्हणाली. "सकाळी लई कडू हुती."

आप्पांचा घास हातात राहिला. "सकाळी? तुला काय म्हाईत?"

"जिभंला लावून बघितली की."

"तू? दारू?"

"खराब झाली का बघायला नगं? पावन्याच्या बापाला देनार हुतो!"

बर्नारला मी भाषांतर करून सांगितलं आणि तो हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, गाळाचं काय केलं? कढीपत्त्याच्या मुळाशी टाकला, आई म्हणाली. त्याचे वडीलसुद्धा गाळ वेलींच्याच मुळाशी टाकायचे. जेवण झाल्यावर तो त्या झाडाजवळ जाऊन उभा राहिला.

यंत्रं त्याने त्यानंतर झपाट्याने लावून दिली. पहिली नक्षीची चादर आप्पांनी स्वतः उतरवली. जाताना मी त्याला विचारलं, त्या दिवशी शेवटचं वाक्य काय होतं. "म्हणालो, छाटणीला येतो," तो म्हणाला. थंडी संपायच्या आत वेली छाटायच्या असतात, नाहीतर त्यांना पाणी चढतं. म्हणून घाई. भिंतीवरचा वाळलेला कागद त्याने पासपोर्टात ठेवला. आईने त्याला काळं तिखट दिलं आणि वाइनबरोबर खायचं नाही म्हणून मला तीनदा सांगायला लावलं.

मी पुढे या विषयातलं बरंच वाचलं, चाखलं, आणि मला हे सांगितलं पाहिजे की आईची पद्धत सगळीकडे चालत नाही. जुनी नाजूक वाइन सकाळपासून बरणीत ठेवली तर दुपारपर्यंत मरते. पण तरुण, कडक, तुरट असेल तर चालते. आई गेल्यावर ती बरणी माझ्याकडे आली. मुलगी-जावई चांगली बाटली घेऊन येतात तेव्हा मी ती सकाळीच गाळून बरणीत काढते आणि दुपारी अळणी करते. जावयाने काचेचं नक्षीदार भांडं आणून दिलं आहे. ते कपाटात आहे. बूच कुणीही काढावं, मला त्याचं काही नाही. वाढायची मात्र मी, पळीने, आधी प्रत्येकाच्या तळहातावर. आता घरातली मोठी मीच आहे.